वीतभर लाट आणि चौघींचे नवस

किस्से घरात साठतात ते प्रसादाच्या पुड्यांसारखे. कोणी तीर्थाहून आणून दिलेली, कोणी सत्यनारायणाला हातावर ठेवलेली. टाकवत तर नाही, म्हणून एक पर्समध्ये, एक फ्रिजवर, एक देव्हाऱ्याच्या कप्प्यात. मग एखाद्या दिवशी आवरायला घ्यावं तर ओंजळभर निघतात! आमच्या गुरुवारच्या पोथी मंडळाचं असंच झालं आहे. मंडळ म्हणजे फार मोठं समजू नका. आम्ही चौघीच. अमरावतीत एका गल्लीत राहतो, दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे पोथी वाचतो आणि मग चहा पितो.

चौघींत सगळ्यात मोठ्या नलूबाई. माहेर-सासर दोन्ही तेल्हाऱ्याकडचं, शेतीवाडीचं. मुलाच्या नोकरीमुळे शहरात आल्या, पण जीभ तेल्हाऱ्याचीच ठेवली. कुंदाताई निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. अजूनही शिकवतात, फक्त आता समोर शाळा नसून आम्ही असतो. शोभा सगळ्यात लहान. तिच्या घरचा फुलांचा धंदा, त्यामुळे आमच्या देवाला हार कधी कमी पडत नाही. आणि चौथी मी.

आता वऱ्हाडातल्या पोथी मंडळाचा आणि भूकंप, ज्वालामुखी, त्सुनामीचा काय संबंध? संबंध माझ्या लेकीचा. रश्मी लग्न होऊन जपानला गेली. जावई निखिल तिथल्या कंपनीत. दक्षिणेकडचं समुद्रकाठचं लहानसं शहर. खिडकीतून एकीकडे समुद्र दिसतो आणि दुसरीकडे धूर सोडणारा डोंगर! अशा ठिकाणी राहून मागच्या वर्षी तिनं गोड बातमी दिली. पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी तिला विमानप्रवास करू नका म्हणून बजावलेलं, म्हणजे इकडे आणायची सोय नाही. माझं तिकीट थेट नवव्या महिन्यातलं. तोवर लेक तिकडे, पायाखाली हलणारी जमीन, आणि मी इकडे देवापुढे. त्या महिन्यांत आमच्या मंडळानं काय काय केलं ते सांगते. आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं!

*

गंमत म्हणजे पहिला भूकंप जपानात नाही, अमरावतीतच झाला.

सौम्य होता. आपल्याकडे मेळघाटाच्या बाजूनं कधीमधी जमीन गुरगुरते, तसा. रश्मीसाठी आम्ही पारायण धरलं होतं आणि नियम कडक. अध्याय संपेपर्यंत वाचणारीनं आसन सोडायचं नाही. नलूबाई वाचत होत्या. एवढ्यात मांडणीवरचे डबे खडखडले आणि बंद असलेला पंखा झुलायला लागला. कुंदाताई ओरडल्या, "भूकंप! सगळ्या बाहेर!"

आम्ही उठलो. नलूबाई उठेनात.

"नलूबाई, उठा हो!"

"अकरा ओव्या राह्यल्या. त्याले म्हना, थांब जरासा."

"भूकंपाला थांब म्हणू?"

"मंग मी आसन सोडू? तिकडं पोरगी पोटुशी अन् इकडं मी अध्याय अर्धा टाकू? माह्याच्यानं नाही होत!"

आता काय करावं! शोभानं डोकं चालवलं. नलूबाई अंगानं काडीसारख्या. त्या बसल्या होत्या त्या पाटाचे तीन कोपरे आम्ही तिघींनी धरले आणि चौथ्यासाठी आतल्या खोलीत वामकुक्षी घेणाऱ्या आमच्या ह्यांना हाक मारली. ह्यांना काय चाललंय ते कळेना, पण धरला बिचाऱ्यांनी कोपरा. अशी ती पालखी निघाली, पाटासकट, पोथीसकट. नलूबाईंचं वाचन चालूच. उंबरठ्यावर मात्र त्या वाचायच्या थांबल्या, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"हळू चाला व! भूकंपानं नाही हालले इतके अक्षरं तुमच्यानं हालून राह्यले!"

*

त्याच संध्याकाळी अकोल्याहून माझ्या दिरांचा फोन. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, तुमच्याकडं जानवला का भूकंप?"

"जाणवला म्हणजे! पाट उचलून बाई बाहेर काढली आम्ही."

"हॅट! आमच्या अकोल्यात कपाट सरकलं कपाट!"

ह्यांचा आवाज चढला. "हे पाहा, ऊन अकोल्याचं जास्त, ते आम्ही इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता भूकंपही अकोल्याचाच जास्त?"

"आता हायच तं काय करता!"

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की धक्के अमरावतीकडे जास्त जाणवले. ह्यांनी त्या बातमीचा फोटो काढून भावाला पाठवला. लगेच उत्तर आलं,

"पेपरवाला अमरावतीचा असंन!"

*

रश्मीनं एकदा फोनवर सांगितलं की जपानात प्रत्येक घरी दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली असते. पाणी, बॅटरी, बिस्किटं, औषधं, कागदपत्रं. जमीन हलली की ती उचलायची आणि निघायचं. मला ऐकून फार बरं वाटलं. लेकीची पिशवी तयार आहे, म्हणजे निम्मी काळजी मिटली.

कुंदाताईंनी लगेच फर्मान काढलं, "पुढच्या गुरुवारी प्रत्येकीनं आपली पिशवी आणायची. मी तपासणार!"

तपासणी सुरू झाली. माझी पिशवी उघडली. त्यात अंगारा, छोटी पोथी, कापूर, काडेपेटी.

"पाणी कुठे आहे?"

मी गंगाजलाची तांब्याची लोटी दाखवली. कुंदाताईंनी कपाळाला हात लावला. "ही कितीजणांना पुरणार?"

"सगळ्यांना," मी म्हणाले. "थेंब थेंबच द्यायचं असतं ना."

मग नलूबाईंची पिशवी. चांगली मोठी, गच्च भरलेली. कुंदाताई खूश झाल्या. उघडली तर आत पापड, कुरड्या, चिवड्याचा डबा, साखर, चहाची पुडी आणि सहा कप! बश्यांसकट!

"नलूबाई, अहो, घर पडलं तर जीव वाचवायची पिशवी आहे ही!"

"तेच म्हनते मी! घर पडलं तं लोक येतीन ना पाह्याले? त्याइले साधा चहा बी इचारू नाही?"

*

जपानातला तो धूर सोडणारा डोंगर अधूनमधून राख टाकायचा. मग रश्मीकडे दोरीवरचे कपडे आत, खिडक्या बंद, बाहेर जाताना छत्री. तिथली नगरपालिका राख भरून ठेवायला पिशव्यासुद्धा देते म्हणे. व्हिडिओ कॉलवर तिची बाल्कनी पाहिली तर सगळीकडे करडी चादर.

"एवढी राख!" नलूबाई हळहळल्या. "अन् फेकून देतेत? इकडं पाठव माय, भांडे घासाले."

पुढच्या महिन्यात निखिल आठवडाभर कामासाठी भारतात आला, तेव्हा रश्मीनं गंमत म्हणून डबीभर राख पाठवली. मंडळात दोन पक्ष पडले. डोंगराच्या पोटातून आलेली, अग्नीनं शुद्ध झालेली, म्हणजे हा अंगाराच, असं मी आणि शोभा. राख ती राख, असं नलूबाई. त्यांनी चिमूटभर घेऊन स्वतःच्या माहेरच्या समईवर दिली घासून! समईवर मांजरानं ओरबाडावं तसे ओरखडे!

कुंदाताई म्हणाल्या, "चुलीची राख नाही ही. वितळलेल्या दगडाची पूड आहे, काचेसारखी टोकदार. डोळ्यात, छातीत गेली तर त्रास होतो. म्हणून तर तिकडे मास्क लावतात."

मी अंगाऱ्याचं बोट कपाळाकडे नेलं होतं, ते तिथेच थांबलं. डबी बंद केली आणि रश्मीला फोन लावून मास्कची तीनदा आठवण करून दिली. सात महिन्यांची गरोदर मुलगी, तिच्या छातीत ही काच जायला नको. ती म्हणाली, "अगं लावते गं आई, कायम लावते." तेव्हा कुठे मी घोटभर पाणी प्यायले.

नलूबाई मात्र समई फिरवून फिरवून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या,

"डोंगरासारख्या डोंगराच्या पोटात जे राह्यलं नाही, ते का उगाच! मीच बयताड."

*

मग तो टेबलाचा किस्सा.

रश्मीशी बोलायचं तर मी फोन जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, म्हणजे चौघी दिसतो. त्या गुरुवारी डोहाळजेवणाला तिनं कोणती साडी नेसावी यावर चर्चा रंगली होती. एवढ्यात फोनमधून असा काही कर्कश भोंगा वाजला की मंडळाच्या काळजाचं पाणी झालं! भूकंपाचा इशारा. भोंगा वाजला की टेबलाखाली जायचं, हे रश्मीनंच आम्हाला शिकवलेलं.

आम्ही गेलो!

टेबल चार माणसांचं, पण वर जेवायला. खाली चौघी मावायच्या म्हणजे काय प्रसंग! माझी कंबर, शोभाचा अंबाडा, कुंदाताईंचा गुडघा, सगळं एकात एक. मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. वर फोनमधून रश्मीचा आवाज येत होता.

"आई? आई! अगं तुम्ही सगळ्या कुठे गेलात?"

टेबलाखालून नलूबाई ओरडल्या, "घाबरू नको व माय! आमी सुखरूप हाओत! तू कशी हायेस?"

"अहो आजी, भूकंप इकडे झालाय! छोटासाच होता, गेलासुद्धा!"

मी नामस्मरण थांबवून डोळे उघडले. मग नलूबाईंचाच आवाज,

"मंग शोभे, उठ माह्या पायावरून. तिकडचा हाय तो."

*

आणि मग तो दिवस आला.

गुरुवारच होता. माझ्या तिकिटाला आठ दिवस राहिलेले, बॅग अर्धी भरलेली. त्यात डिंकाचे लाडू, बाळंतविडा, दुपटी. दुपारी रश्मीचा मेसेज आला. "आई, मोठा हलला. समुद्राचा इशारा आलाय. टेकडीवरच्या शाळेत चालले. निखिल कंपनीत आहे. काळजी करू नकोस."

त्यानंतर तिचा फोन लागेना. निखिलचाही लागेना.

पोथी मिटलेलीच राहिली. कुंदाताईंना आम्ही विचारलं, "काही होणार नाही ना?" एरवी त्या कशाचंही उत्तर पाऊण तास देतात. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली. भरल्या दिवसांत एकटी टेकडी चढणारी माझी मुलगी डोळ्यांपुढून हलेना.

मग नलूबाई उठल्या आणि देव्हाऱ्यापुढे बसल्या. आमच्या मंडळात एक पद्धत आहे, चांगली की वाईट ते तुम्ही ठरवा. नवस आम्ही दुसऱ्याच्या नावानं बोलतो! म्हणजे बोलणार आपण, फेडणार ती.

"अंबामाय, पोरगी सुखरूप ठेव. लेकराले घेऊन अनवानी येईन ती तुह्या ओटीले."

शोभा पुढे सरकली. "वर्षभर सीताफळ खाणार नाही रश्मीताई."

"अकरा चतुर्थ्या करीन ती. निर्जळी."

"बाळाचं जावळ इकडं येऊनच काढील ती."

अशा दोघी आळीपाळीनं बोलत राहिल्या. मध्येच कुंदाताईंचा बारीक आवाज आला, "माझा यावर विश्वास नाही, पण दर संकष्टीला मोदकही करील म्हणा."

मला मात्र काही सुचेना. आयुष्यभर इतकी व्रतं केली, इतके नवस बोलले आणि फेडले, पण त्या दिवशी हात जोडले आणि शब्दच येईनात. मी नुसती निरांजनातली वात पुढे सारत बसले. एवढ्यात हे आतून आले. खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली, देवापुढे ठेवली, मग बरं दिसत नाही म्हणून उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "सोडला," एवढंच म्हणाले. सगळ्या नवसांत हा एकटाच नवस स्वतःच्या नावाचा होता.

दोन तासांनी फोन वाजला.

"आई, मी वर आहे. बरी आहे. निखिलही ठीक आहे, पोचतोय इकडे."

मी फोन नलूबाईंच्या हातात दिला आणि पदर डोळ्यांना लावला.

"लाट आलती काय व?" नलूबाईंनी विचारलं.

"आली ना, आजी."

"केवढी?"

"वीतभर."

"वीतभर? एवढं पानी तं आमच्या मोरीत तुंबते!"

कुंदाताईंना एकदम कंठ फुटला. "हसू नका! समुद्राची वीतभर लाटसुद्धा माणसाचे पाय ओढते. आणि रश्मी, पहिली गेली म्हणून खाली उतरायचं नाही. मागून मोठी येऊ शकते. इशारा उठेपर्यंत वरच बसायचं!"

"हो बाई," रश्मी तिकडून शाळेतल्यासारखी म्हणाली.

तोवर शोभानं बोटं मोजली होती. "नलूबाई, वीतभर लाटेला अकरा नवस झाले आपले!"

"मंग? अकरा बोललो म्हनून वीतभर राह्यली!"

फोनवर रश्मीनं ते ऐकलं होतं. "कसले अकरा नवस?" शोभानं यादी सांगितली. अनवाणी, सीताफळ, निर्जळी, सगळं. रश्मी तिकडे किंचाळली, "अहो, मला विचारायचं तरी!"

नलूबाई शांतपणे म्हणाल्या, "इचाराले तुहा फोन लागून राह्यला होता काय?"

*

पुढच्या मंगळवारी हे माझ्यामागे स्वयंपाकघरात घुटमळत होते.

"मी काय म्हणतो, लाट केवढी होती म्हणाली ती?"

"वीतभर."

"नक्की वीतभरच ना?"

"हो. का हो?"

"काही नाही," हे खिसा चाचपत म्हणाले. "वीतभर लाटेसाठी अख्खा खर्रा सोडायचा म्हणजे... अर्धी पुडी चालली असती का, एवढंच विचारत होतो."

*

त्या गुरुवारचाच, त्याच फोनवरचा एक किस्सा मी मागे ठेवला आहे.

रश्मीला टेकडीवर नेलं होतं ते तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या जपानी बाईंनी. ऐंशीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, पण हात धरून एकेक पायरी चढवली त्यांनी. वर गेल्यावर स्वतःचं अंथरूण तिला दिलं, भाताचा गोळा खाऊ घातला. रश्मी हे सांगत होती तेव्हा नलूबाई म्हणाल्या, "दे त्या बाईले फोन. माह्याइतकीच म्हातारी दिसते. दोन शब्द बोलते."

"आजी, त्यांना जपानीशिवाय काही येत नाही."

"मले कोनतं येते! दे तं तू."

रश्मीनं फोन दिला आणि ती पाणी घ्यायला रांगेत गेली. म्हणजे मध्ये दुभाषी कोणी नाही. इकडून वऱ्हाडी, तिकडून जपानी. आम्ही तिघी पाहतच राहिलो. नलूबाई मान डोलवत होत्या. "हो नं व बाई." मग तिकडून बराच वेळ बोलणं. "तेच म्हनते मी." मग दोघी हसल्या. मग नलूबाईंनी आवाज खाली आणला, बाळंतपणाचं बोलताना बायका आणतात तसा. चांगली दहा मिनिटं चाललं होतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या हो?"

"पोट खाली आलं म्हनते पोरीचं. तुह्या तिकिटाची वाट नाही पाहत ते लेकरू. उद्या चहाच्या टायमाले मोकळी होते म्हने."

कुंदाताई हसायला लागल्या. "हे त्यांनी जपानीत सांगितलं, आणि तुम्हाला कळलं?"

"काहून नाही कळन? बाईच हाय ना ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. पहिला कढ आला आणि फोन वाजला. निखिल होता.

"आई, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. चहा सगळा उतू गेला. जाऊ दिला.

आठवड्यानं मी जपानला पोचले. नातीला मांडीवर घेतलं, मग त्या शेजारच्या बाईंच्या पाया पडले. त्या गडबडून दुप्पट वाकल्या. चहा झाल्यावर मला राहवेना. मी रश्मीला म्हटलं, "विचार ना त्यांना, त्या दिवशी त्यांना इतकं अचूक कळलं कसं?"

रश्मीनं विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला, माझ्याकडे नवलानं पाहिलं आणि बरंच काही बोलल्या. ऐकून रश्मी माझ्याकडे वळली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मला कुठे काय कळलं होतं? मी तर आभाळाचं बोलत होते. तुमच्या त्या फोनवरच्या बाईंनीच मला सांगितलं, पोट खाली आलंय, उद्या चहाच्या वेळेला होईल म्हणून."